लाल चिंबोरीचा नर

"पाठ नको, पोट दाखवा."

मास्तर बंदरावर आले की पहिलं बोलणं हे. कसं काय विचारणं नाही, पाणी केवढं आलं हेही नाही. सायकल भिंतीला टेकवायची, पँटची टोकं मोज्यात खोचायची आणि माझ्या टोपलीसमोर उकिडवं बसायचं. तुम्ही बाजारात बघितलं असेल, गिऱ्हाईक चिंबोरीची पाठ बघतं, नांगी केवढी ते बघतं, हातावर तोलून भरली आहे की पोकळ ते बघतं. मास्तरांना यातलं काहीच नको असायचं. त्यांना ती उलटी पाहिजे.

पहिल्या दिवशी माझी बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अवो, ह्यो चिंबोरीचा डाक्तर हाय का?"

ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मोहल्ल्यातलं जुनं कोकणी मुसलमान घराणं, त्यांच्या आजोबांची म्हणे याच बंदरातून गलबतं जायची. नातवाला मात्र होडीत बसवलं की उलटी व्हायची. मी त्यांना मास्तर म्हणायचो, ते मला नाखवा म्हणायचे. मी कसला नाखवा, माझी एक फुटकी होडी आणि बिळातून चिंबोरी ओढायचा एक लोखंडी आकडा. पण दहा वर्षांत त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नाही, हे लिहून ठेवतो. आमच्या भिवंडीत, शिकलेल्या माणसाने चिखलातल्या माणसाला अहोजाहो करायचं म्हणजे तेव्हा कौतुकच होतं.

मी चौथीत शाळा सोडली. पण खाडीतलं मला कोणी शिकवू नये असं मला तेव्हा वाटायचं, आणि आजही वाटतं. म्हणून मास्तरांचं आणि माझं जमायचंही आणि वाजायचंही.

एकदा त्यांनी चिंबोरीच्या पोटावरची झडप नखाने उचलून विचारलं, "नाखवा, हे काय?"

"झडप. नराची निमुळती, मादीची रुंद. पोरालापन म्हाईत हाय."

"झडप नाही. शेपूट आहे ही. कोळंबीची मागे असते ना, तीच. हिने पोटाखाली दुमडून घेतली."

मी हसलो. चिंबोरीला शेपूट! दुसऱ्या दिवशी बायको बाजाराला गेल्यावर मी एक कोळंबी आणि एक चिंबोरी शेजारी शेजारी ठेवली, आणि चिंबोरीची झडप उलगडून मागे सरळ केली. मास्तरांचं खरं होतं. पण मी त्यांना तसं सांगितलं नाही.

त्यांच्याकडे कुळं होती आणि उपकुळं होती. ज्या खेकड्यांचा शेवटचा पाय वल्ह्यासारखा चपटा, ते पोहणारे, त्यांचं एक कुळ. त्या कुळाची परत उपकुळं, आणि त्यातल्या एकात आमची खाडीची चिंबोरी. डोळ्यापासून बाजूच्या टोकापर्यंत नऊ दात, दोन डोळ्यांच्या मध्ये चार कंगोरे. ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. मी म्हणायचो, मोजताय कशाला, मी सांगतो ना, नऊच आहेत. तरी मोजायचे.

बाजारात समुद्रातली तीन ठिपक्यांची चिंबोरी येते, ती तुम्ही खाल्ली असेल. ती पण म्हणे त्याच उपकुळातली.

"ती?" मी म्हटलं. "ती पाणचट. तिचा आमच्या चिंबोरीशी काय संबंध?"

"चुलत बहीण."

"मग मास्तर, येणंजाणं बंद असलेली चुलत बहीण."

यावर ते एवढे हसले की भिंग चिखलात पडलं.

आता आमच्या भांडणाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आमच्या खाडीत चिंबोरी दोन रंगांची निघते. काळी ती मोठी, उघड्या पाण्यात फिरणारी. तिच्या नांगीच्या मनगटावर बाहेरच्या बाजूला दोन टोकदार काटे, हाताला लागले तर रक्त काढतील. लाल ती बुटकी, तिवराच्या झाडीतल्या चिखलात बीळ करून राहणारी. तिच्या मनगटावर काटे नाहीत, नुसता एक बोथट गाठीसारखा उंचवटा. मास्तर म्हणायचे या दोन वेगळ्या जाती आहेत. मी म्हणायचो जात एकच. काळी म्हातारी झाली की बिळात शिरते, बिळाच्या तोंडाला घासून घासून काटे झिजतात, गाळाने अंग तांबडं होतं. माझा बाप हेच सांगायचा.

"तुमच्या वडिलांनी कोवळी लाल चिंबोरी कधी बघितली होती का?" मास्तर विचारायचे.

"कोवळी लाल असेलच कशी? म्हातारीच लाल होते ना."

"बघितली नाही, म्हणजे नाही असं होत नाही, नाखवा."

"आणि बघितली नाही म्हणजे आहे, असंपन होत न्हाय मास्तर."

त्यांना हे माझं बोलणं आवडायचं. मान हलवून वहीत लिहायचे. काय लिहायचे कोणास ठाऊक.

पण त्यांचं अडलं होतं. तीस वर्षं ते आमच्या खाडीतल्या खेकड्यांची यादी करत होते. कुठला खेकडा कुठल्या कुळातला, कुठल्या उपकुळातला, अंगाचा एकेक भाग कसा. मुंबईचे एक मोठे साहेब होते, त्यांनी मान हलवली की ते छापून येणार होतं. साहेबांचं म्हणणं, लाल आणि काळी वेगळ्या म्हणायच्या तर लालचा नर दाखवा. मास्तरांजवळ लालच्या तीन माद्या होत्या, नर नव्हता. नराच्या झडपेच्या आतल्या अंगाला बारीक काड्यांसारखे अवयव असतात, नर त्यांतून मादीला बीज देतो. त्या काड्यांची घडण प्रत्येक जातीची आपापली, असं मास्तर सांगायचे. काळीच्या काड्या त्यांनी बाटलीत ठेवल्या होत्या. लालच्या काड्या त्यांच्या शेजारी ठेवायच्या होत्या.

"निवृत्तीला दोन वर्षं राहिली," ते म्हणाले. "नाखवा, एक नर. अख्खा. बाकी काही मागत नाही."

मी म्हटलं, "आणतो. आणि एकच जात निघाली तर वहीत माझं नाव लिवायचं."

"लिहीन," ते म्हणाले. थट्टा नाही, खरंच लिहिलं असतं.

त्याच पावसाळ्यात मला एका काळ्या चिंबोरीने अंगठ्याला धरलं. अशा शंभर वेळा धरतात, मी हळद दाबली आणि कामाला लागलो. चार दिवसांनी हात कोपरापर्यंत सुजला. मास्तर बंदरावर आले, त्या दिवशी त्यांनी चिंबोरी बघितलीच नाही, माझा हात बघितला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला अंगठा काढावा लागेल. मास्तरांनी मला तिथून उठवलं आणि ठाण्याला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तीन दिवस ते कॉलेज सोडून माझ्या खाटेशी बसले. अंगठा राहिला. आज मी पेन धरून लिहितोय तो याच अंगठ्याने.

दसऱ्याच्या आसपास हात चालू लागला आणि मी आकडा घेऊन तिवरात शिरलो. खाडीच्या पलीकडे, जिकडे कोणी जात नाही तिकडे. एका बिळात आकडा घातला तर आतून असा ओढला की माझा खांदा हलला. अर्धा तास आमचं चाललं. बाहेर काढला तेव्हा लाल, बुटका, विटेसारखा जड. उलटा केला. झडप निमुळती. नर.

आता इथे आमची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही मला वेडा म्हणाल. चिंबोरी विकतो ती आम्ही जिवंत विकतो, नांग्या बांधून, अख्खी. पण कोणाच्या घरी मानाने द्यायची असेल, लेकीच्या सासरी, बाळंतिणीला, उपकार केलेल्या माणसाला, तर ती साफ करून द्यायची. पाठ काढायची, आतलं काढायचं, बारीक पायांची टोकं मोडायची, नांग्या ठेचायच्या. जिवंत चिंबोरी कोणाच्या उंबऱ्यावर ठेवली तर त्या घरच्या बाईला काम लावल्यासारखं होतं. तो अपमान समजतात. आणि या चिंबोरीचे पैसे मी मास्तरांकडून घेणं शक्य नव्हतं. अंगठा कोणी वाचवला?

मी पाटा पुढे ओढला तशी बायको म्हणाली, "अवो, मास्तर अख्खी मागतात ना?"

"इकत घेतात तवा अख्खी. ही द्यायची हाय."

"तरी इचारून बघा."

"मला समजतं त्यांना काय पायजे ते. दहा वरसं बघतोय."

आणि मला खरोखरच समजत होतं, असं मला वाटत होतं. ते नेहमी काय बघायचे? पोट. नखाने काय उचलायचे? झडप. म्हणून मी झडप फेकली नाही. वेगळी काढली. तिच्या आत काहीबाही चिकटलेलं होतं ते सुरीने खरवडलं, मग राखेने घासली, धुतली, पुसली. काचेसारखी झाली. अळूच्या पानात गुंडाळून वरून दोरा बांधला. बाकीची चिंबोरी डब्यात. मास्तरांच्या आईला दात नव्हते, म्हणून नांग्यांची मनगटं सुद्धा नीट बारीक ठेचली.

धुतलेलं धोतर नेसून त्यांच्या घरी गेलो. म्हातारी ओट्यावर बसली होती. डबा उघडून बघितला आणि म्हणाली, "केवढी साफ करून आणलीस रे बाबा. आमच्या सुनांनापण येत नाही असं." मी तिथेच दोन इंच वर झालो.

मास्तर आतून आले. मी म्हटलं, "लालचा नर. तुमचा."

त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा परत बघितला नाही. मग त्यांनी डब्यात बघितलं. मी पानाची पुडी पुढे केली. त्यांनी दोरा सोडला, झडप तळहातावर घेतली, उलटी केली, खिशातून भिंग काढलं.

"नाखवा, आत काही होतं का?"

"होती जराशी घाण. खरवडून टाकली."

"कुठे टाकली?"

"मोरीत."

त्यांनी भिंग तसंच धरलं होतं. "आणि मनगट?"

"आईंना दात न्हाईत म्हणून ठेचलं."

बाहेर शेजारच्या लूमचा खटखटाट चालू होता. मास्तरांनी भिंग पुसून खिशात ठेवलं, झडप पानात गुंडाळली, आणि म्हणाले, "बसा. जेवून जा."

म्हातारीने वाटण घालून कालवण केलं. आम्ही दोघं पाटावर शेजारी बसलो. मास्तर सावकाश खात होते, एकेक तुकडा चोखून, कवचाचा तुकडा न् तुकडा ताटाच्या कडेला लावत होते. मनगटाचे तुकडे जुळवून बघत होते. जुळत नव्हते. मी ठेचायचं काम कधी अर्धवट करत नाही.

"गोड आहे," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण कबूल करणं हा माझा स्वभाव नाही. निघताना पायरीवर उभं राहून मी वर त्यांनाच म्हटलं, "त्या काड्या झडपेला आतून चिकटलेल्या असतात हे तुम्ही सांगायला पाहिजे होतं."

"हो," मास्तर म्हणाले. "माझं चुकलं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी शंभर वेळा सांगितलं होतं. मी ऐकतच नव्हतो, मी त्यांना लाल आणि काळी एकच कशी ते पटवत होतो.

महिन्याभराने मी त्यांच्या कॉलेजात गेलो होतो. बाटल्यांची ती खोली, वासाने डोळे चुरचुरायचे. तिथे त्यांच्यासोबतचे दुसरे एक प्राध्यापक बसले होते. मला बघून हसले. "हेच का ते, पुरावा साफ करून आणणारे?"

मास्तरांना ते आवडलं नाही. "हे माझे नाखवा आहेत," एवढंच म्हणाले.

ते प्राध्यापक म्हणाले, "सर, लिहून टाका ना. नर होता हे खरंच आहे. काड्या बारीक होत्या, वेगळ्या होत्या, लिहा. कोण मोरीत बघायला जाणार आहे?"

"मी बघितल्या नाहीत."

"चिंबोरी तर बघितली?"

"खाल्ली," मास्तर म्हणाले. "बघितली नाही."

मला वाटलं होतं ते माझ्यावर एकदा तरी ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यांनी ती संधी दिली नाही. पुढच्या रविवारी परत बंदरावर, परत उकिडवं बसणं, परत नऊ दात मोजणं.

मी दोन हंगाम लाल नराच्या मागे लागलो. बायकोला सांगायचो काळी पकडायला जातो. पण खाडी बदलत चालली होती. रंगवायच्या कारखान्यांचं पाणी कधी हिरवं यायचं, कधी जांभळं. पलीकडच्या तिवरात गोदामं उठवायला मुरूम पडू लागला. ज्या बिळातून मी तो नर काढला होता तिथे ट्रक उभे राहायला लागले. लालच्या दोन माद्या मिळाल्या. मास्तरांनी त्या बघितल्या, "छान" म्हणाले आणि पैसे दिले. मी घेतले नाहीत तर टोपलीखाली ठेवून गेले.

ते निवृत्त झाले. यादी छापून आली की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही. आली असेल तर आमच्या चिंबोरीचं पान त्यात एकच असणार. म्हातारी गेली, आणि मास्तर घर विकून मुलीकडे महाडला गेले. जायच्या आदल्या दिवशी बंदरावर आले होते. त्या दिवशी त्यांनी एकही चिंबोरी उलटी केली नाही. माझा उजवा हात हातात घेतला, अंगठा वाकवून बघितला, सरळ करून बघितला. "चांगला आहे," म्हणाले आणि सायकलवर बसले.

त्यानंतर दोन वर्षांनी, पाऊस सरल्यावर, टेमघरच्या बाजूला असलेल्या एका ओहळात पाय धुवायला उतरलो होतो. आकडासुद्धा जवळ नव्हता. दगडाखाली काहीतरी हललं. हाताने उचललं. तीन बोटांएवढी चिंबोरी, नुकतीच कात टाकलेली, कवच अजून पापडासारखं दबणारं. लाल. उलटी केली. नर.

मी ती ओल्या गोणपाटात घातली आणि महाडचा पत्ता घ्यायला तडक मास्तरांच्या जुन्या घरी गेलो. ओट्यावर आता भिंत होती आणि आत लूम चालत होते. एक पोरगेला कामगार कानातले सुताचे बोळे काढत बाहेर आला.

"किससे काम है चाचा?"

"मास्तर. इदर रैते थे. उनका पता मंगताय."

त्याने आत ओरडून शेठला विचारलं आणि परत आला. "वो तो गुजर गये चाचा. रमज़ान के पहले." मग माझ्या हातातल्या गोणपाटाकडे बघून म्हणाला, "कुछ देना था क्या?"

"न्हाय," मी म्हटलं.

घरी आलो. बायकोने आदल्या दिवशी पकडलेली एक काळी बाहेर काढली, मी सांगितलं नव्हतं तरी. पाटा तिने हाताने दूर सरकवला. दोन्ही शेजारी ठेवल्या. माझी नजर आता बारीक पोचत नाही, भिंग माझ्याकडे नाही. झडप उचलून बघितली, काड्या दिसल्या, पण कशा आहेत ते मला सांगता येणार नाही. मी बघितलं नाही ते मी लिहीत नाही.

मनगट मात्र मला दिसत होतं. काळीच्या मनगटावर दोन काटे. त्या लाल पोराच्या मनगटावर नुसता बोथट उंचवटा. आणि हे पोर म्हातारं नव्हतं. त्याला घासायला बीळ मिळालं नव्हतं, झिजायला वर्षं मिळाली नव्हती. अंगावरचं कवच दोन दिवसांचं. ते जन्मालाच तसं आलं होतं.

कालवणाची चूल पेटवून बायको वाट बघत होती.

"मंग?" ती म्हणाली. "येक का दोन?"

"दोन," मी म्हटलं.

माझी सगळी जिंदगी मी तिला एक सांगत आलो होतो.

संध्याकाळी भरती लागली तेव्हा मी ते पोर गोणपाटातून काढलं आणि तिवराच्या मुळांत नेऊन सोडलं. जाळं धूत बसलेला एक जण हसून म्हणाला, "बारीक हाय म्हनून सोडली काय?"

"न्हाय," मी म्हटलं. "लाल हाय. येगळी जात हाय ती."

तो म्हणाला, "कोन बोलला?"

"मास्तर."